बिनशब्दांचं बायबल आणि समासातल्या तीन भाषा

३ जानेवारी १६०८. इराणचा शाह अब्बास पहिला याच्या इस्फहानच्या दरबारात रोमहून आलेले कार्मेलाइट पंथाचे पाद्री हजर झाले. त्यांनी नजर केलेल्या वस्तूंत एक सचित्र पोथी होती. ती तेव्हाच साडेतीनशे वर्षांची जुनी होती. फ्रान्समध्ये रंगवली गेली होती आणि पोलंडच्या एका कार्डिनलने शाहसाठी पाठवली होती. आज ती न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत एम. ६३८ या क्रमांकाखाली आहे. नावं मात्र तिला अनेक: मॉर्गन बायबल, क्रूसेडर बायबल, मात्सिएयोव्स्की बायबल, शाह अब्बास बायबल. ज्यांच्या ज्यांच्या हाती गेली, त्यांची नावं तिला चिकटत गेली.

अभ्यासाला हे प्रकरण घेतलं त्याचं कारण साधं आहे. ही पोथी तयार झाली तेव्हा तिच्यात मजकूरच नव्हता, नुसती चित्रं होती. पुढच्या पाच शतकांत तीन निरनिराळ्या लोकांनी तिच्या समासात आपापलं लिहिलं: आधी लॅटिनमध्ये, मग फारसीत, मग हिब्रू लिपीतल्या फारसीत. चित्राला भाषा लागत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. या पोथीच्या वाचकांना तसं वाटलं नाही. चित्रं समोर असताना, आणि ती इतकी बोलकी असताना, हे काय चाललंय ते लिहून ठेवलं पाहिजे असं एकामागून एक तिघांना वाटलं. ते का, आणि त्यातून पोथीचं काय झालं, एवढंच इथे पाहायचं आहे.

मुळात काय होतं

पोथीचा काळ साधारण १२४४ ते १२५४ असा धरतात. जागा बहुतेक पॅरिस. काही अभ्यासक उत्तर फ्रान्समधल्या इतर गावांकडे बोट दाखवतात. आश्रयदाता कोण, हे कुठेही लिहिलेलं नाही, राजचिन्हही रंगवलेलं नाही. तरी बहुतेकांचा कौल फ्रान्सचा राजा नववा लुई याच्या बाजूने पडतो, आणि त्याला कारणं आहेत. येशूच्या डोक्यावरचा म्हणून मानला जाणारा काटेरी मुकुट याच लुईने १२३९ मध्ये पॅरिसला आणला. तो ठेवण्यासाठी सेंत शापेल हे देऊळवजा रत्नमंजूषेसारखं चर्च बांधलं, १२४८ मध्ये त्याची प्रतिष्ठापना केली आणि त्याच वर्षी तो मुसलमानांविरुद्धच्या धर्मयुद्धावर निघाला. सेंत शापेलच्या रंगीत काचांवर जुन्या करारातले, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागातले राजे आणि लढाया दाटीवाटीने भरल्या आहेत. पोथीतही तेच आहेत. इतक्या खर्चाचं काम करवून घेणारी माणसंही त्या काळी बोटांवर मोजण्याइतकीच.

खर्चाची कल्पना यावी म्हणून थोडं सामानाबद्दल. पानं चर्मपत्राची, सुमारे ३९ बाय ३० सेंटिमीटर. जनावराचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस काढायचे, चौकटीवर ताणून बसवायचं आणि ताणलेलं असतानाच अर्धगोल पात्याने खरवडत पातळ करायचं. एका मोठ्या जनावराच्या कातड्यातून अशी मोठी पानं फार थोडी निघतात. त्यावर सोन्याचा वर्ख. तो नुसता चिकटवला तर मळकट दिसतो. म्हणून खाली गुळगुळीत लेप द्यायचा, वर्ख बसवायचा आणि वरून जनावराच्या दाताने किंवा गुळगुळीत दगडाने घोटायचं. मग तो आरशासारखा चमकतो. पॅरिसच्या उंची कामातली निळाई लाजवर्द या निळ्या दगडाची असे आणि लाजवर्द येई बदख्शानहून, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातून. काम एकाचं नाही. सहा-सात चित्रकारांचे हात अभ्यासकांनी वेगळे काढले आहेत.

एरवीच्या सचित्र बायबलात लेखनिक आधी मजकूर लिही आणि चित्रासाठी जागा सोडून देई. चित्रकाराचा नंबर नंतर लागे. इथे लेखनिकाला बोलावलंच नाही. बहुतेक पानं चार चौकटींची, दोन वर दोन खाली, आणि पानाच्या दोन्ही बाजू रंगवलेल्या. सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात होते. मग नोहा, अब्राहाम, योसेफ, मोशे, यहोशवा, शास्ते, रूथ, शमुवेल, शौल, आणि शेवटी दावीद. एकूण तीनशेहून अधिक प्रसंग. दाविदाला मिळालेली जागा इतकी मोठी आहे की बाकी सगळं त्याची प्रस्तावना वाटावी. नव्या करारातला, म्हणजे येशूच्या कथेतला एकही प्रसंग नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवायला हवी, इस्फहानमध्ये तिचं मोल कळेल.

मग मजकुराशिवाय हे वाचायचं कसं? लुईला आणि त्याच्या दरबाराला या गोष्टी पाठ होत्या. शिवाय शेजारी सांगणारा धर्मगुरू असे. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. सुट्या कागदांवर राम-सीता-रावण, खाली एक अक्षर नाही, कारण कथेकरी हातात चित्र धरून बसलेला आहे. त्याला उठवला की कागद मुका होतो. या पोथीचा कथेकरी हरवत गेला, म्हणून तिच्या समासात लिहिण्याची वेळ आली, असं मला वाटतं.

चौकटीत न मावणारी माणसं

पुढे जाण्याआधी एक पान नीट पाहू. तेविसाव्या पानाची मागची बाजू. अम्मोनी राजा नाहाश याने याबेश-गिलाद गावाला वेढा घातलाय आणि नवा राजा शौल गावाला सोडवायला आलाय, असा प्रसंग. बायबलमधल्या मजकुरात ही लढाई एका वाक्यात उरकते: पहाटे छावणीत शिरले, दिवस तापेपर्यंत अम्मोन्यांना मारलं, संपलं. चित्रकाराने त्या एका वाक्याचं रणांगण केलं आहे. घोडे घोड्यांवर आदळलेत. तलवार शिरस्त्राण फोडून कपाळात रुतलीय, पायदळी माणसं तुडवली जातायत, रक्त ओघळतंय. गावाच्या तटाला लागून दगडफेकीचं यंत्र आहे आणि ते चक्क चौकटीबाहेर समासात उभं केलंय. तिथला माणूसही समासातच उभा आहे. कुंपणच ओलांडून लढाई बाहेर आलीय.

आणि हे सगळे सैनिक दिसतात कसे? इसवी सनापूर्वीच्या इस्राएली माणसांसारखे मुळीच नाही. कड्यांच्या जाळीची चिलखतं, डोकं पूर्ण झाकणारी डब्यासारखी शिरस्त्राणं, त्यांच्यावर बिनबाह्यांचे रंगीत झगे. १२५० च्या आसपासचे फ्रेंच सरदार, हुबेहूब. दाविदाच्या अंगावर, त्याचा शत्रू गल्याथ याच्या अंगावर, गल्याथाच्या बाजूच्या पलिष्ट्यांच्या अंगावरही तोच थाट. याला चित्रकाराचं अज्ञान म्हणण्यात अर्थ नाही. धर्मयुद्धाला निघालेल्या राजाला ‘तूच यहोशवा, तूच दावीद’ हे सांगायचं तर यहोशवाला त्याचेच कपडे घालायला हवेत.

या काटेकोरपणाचा एक अनपेक्षित फायदा शस्त्रांच्या इतिहासकारांना झाला. तेराव्या शतकातलं चिलखत कसं बांधत, घोड्याचं खोगीर कसं असे, यासाठी हीच पोथी उघडली जाते. दहाव्या पानाच्या मागच्या बाजूला यहोशवाच्या लढाईत एकजण खाटकाच्या सुऱ्यासारखं रुंद पात्याचं, लांब दांड्याचं हत्यार दोन्ही हातांनी चालवतोय. तसं प्रत्यक्ष हत्यार सापडलेलं नसल्यामुळे जुनी शस्त्रं घडवणाऱ्या हौशी मंडळींनी या पोथीवरूनच त्याचं नाव ठेवलं. बाबेलच्या बुरुजाच्या चित्रात दगड वर चढवायला माणसाने आतून चालत फिरवायचं मोठं चाक आहे. म्हणजे बाबेलही पॅरिसच्या चर्चबांधणीसारखंच चाललं होतं. रूथच्या चित्रांत कापणी आणि मळणी आहे. शेतकरी वाकतात कसे, विळा धरतात कसा, हे लढाईइतक्याच बारकाईने टिपलंय. मला स्वतःला ही शेताची पानं जास्त आवडतात, पण त्यांना चाहते कमी.

पहिला मजकूर: लॅटिन

१३०० च्या सुमारास इटलीत, बहुधा नेपल्समध्ये, कुणीतरी चौकटींच्या वर-खाली लॅटिन ओळी लिहिल्या. अक्षरांच्या वळणावरून हा अंदाज बांधला आहे. नेपल्सचं कारणही पटण्यासारखं आहे: लुईचा धाकटा भाऊ शार्ल द आंजू याने १२६६ मध्ये दक्षिण इटलीचं राज्य मिळवलं होतं आणि फ्रेंच राजघराण्याची एक शाखा तिथे नांदत होती. घरातली मौल्यवान वस्तू या शाखेकडे गेली असेल.

या ओळींमुळे काय झालं? चित्राखाली ‘अमक्याने असं केलं’ एवढंच वाक्य आहे. पण वाक्य आलं की नजर आधी तिकडे जाते, नाव वाचते आणि मग चित्रात ते नाव शोधते. त्या लढाईच्या पानावर आधी घोडे दिसत, आता आधी शौल दिसतो. राजाच्या बैठकीतली पोथी लॅटिन येणाऱ्या माणसाला एकट्याने वाचता येईल अशी झाली. कथेकऱ्याची गरज तेवढी कमी झाली.

क्राकूव ते इस्फहान

यानंतर पोथी दिसते ती थेट १६०४ मध्ये, पोलंडच्या क्राकूव शहरात. बर्नार्ड मात्सिएयोव्स्की हा तिथला बिशप, त्याच वर्षी कार्डिनल झालेला. पोथीवर त्याने लॅटिनमध्ये अर्पणपत्रिका लिहवून घेतली आहे: आपल्या सगळ्या पदव्या, इराणच्या राजाधिराजाला शुभेच्छांसह भेट, ठिकाण क्राकूव, तारीख ७ सप्टेंबर १६०४.

पोप आठव्या क्लेमेंटने कार्मेलाइटांना इराणला धाडलं त्यामागे उघड राजकारण होतं. उस्मानी तुर्क हे युरोपचे शत्रू, आणि शाह अब्बासचेही. १६०३ मध्ये अब्बासने त्यांच्याशी युद्ध सुरूच केलं होतं. दोघांनी दोन बाजूंनी रेटा लावला तर तुर्क अडचणीत येतील, असा हिशेब. पाद्री पोलंडमार्गे, मॉस्कोमार्गे निघाले, पण रशियात तेव्हा गादीसाठी यादवी माजली होती. अडत, थांबत, अटकेत पडत ते १६०७ च्या डिसेंबरात इस्फहानला पोचले. तोवर धाडणारा पोप वारला होता, त्याच्यानंतरचाही महिन्याभरात गेला होता आणि तिसरा गादीवर होता. त्याहून वाईट म्हणजे १६०६ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने तुर्कांशी तह करून टाकला होता. शाहला हा सरळ दगा वाटला. तुर्कांविरुद्ध दोस्ती मागायला लोक आले, आणि त्यांच्याच बाजूने मागच्या दाराने समझोता. खुद्द कार्डिनल मात्सिएयोव्स्कीही १६०८ च्या जानेवारीतच वारला. म्हणजे भेट पोचली त्याच महिन्यात देणारा गेला.

राजनैतिक वकिली म्हणून पाहिलं तर हे प्रकरण फसलं. पण पोथीचं बस्तान मात्र बसलं, आणि त्याचं श्रेय मी तिच्यातल्या निवडीला देतो. योसेफ, मोशे, दावीद हे मुसलमानांचेही पैगंबर: युसुफ, मूसा, दाऊद. शौल आणि गल्याथ कुराणात तालूत आणि जालूत होऊन येतात. इराणात ‘कससुल अंबिया’ म्हणजे पैगंबरांच्या कथांच्या सचित्र प्रती सोळाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या होत्या. त्यांत पैगंबरांच्या मस्तकाभोवती सोनेरी ज्वाळा असतात. फ्रेंच चित्रात सोन्याची गोल थाळी असते, एवढाच फरक. शाहच्या दरबाराला युसुफला भावांनी विहिरीत टाकलं हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हेच क्रूसावरच्या येशूचं चित्र असतं तर गोष्ट वेगळी झाली असती, कारण कुराणाप्रमाणे येशूला क्रूसावर मारलंच गेलं नाही. पहिल्या पानापासूनच वाद सुरू झाला असता. कार्डिनलने हे ओळखून पोथी निवडली की त्याच्याकडे होती ती दिली, ते सांगता येत नाही. निवड मात्र अचूक ठरली.

त्या काळी हा प्रयोग एकटा नव्हता. गोव्याहून निघालेल्या जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबरासमोर अँटवर्पला छापलेलं अनेक भाषांचं थोरलं बायबल ठेवलं होतं. अकबराने ते आदराने डोक्याला लावलं म्हणतात, पण त्यातलं पान वाचणारा दरबारात नव्हता. शब्दांचं बायबल आणि चित्रांचं बायबल, यात राजाला कुठलं भावतं ते उघड आहे. इस्फहानमध्येही गोव्याचे लोक आधीच होते. ऑगस्टिनियन पंथाचे पाद्री १६०२ मध्ये गोव्याहूनच तिथे जाऊन राहिले होते. जुन्या गोव्यात ज्यांच्या चर्चचा पडका मनोरा आज उभा आहे, तेच हे ऑगस्टिनियन. शाह अब्बासच्या आज्ञेवरून १६२४ मध्ये शिराजला मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थी याच पंथाच्या लोकांनी गोव्यात आणल्या. त्या अवशेषांतला एक भाग भारताने २०२१ मध्ये जॉर्जियाला दिला. पोथी आवडीने चाळणारा आणि राणीला मारणारा राजा एकच, हे सोबत ठेवलेलं बरं. कलाप्रेमी राजा म्हटलं की आपण लगेच हळवे होतो.

दुसरा मजकूर: फारसी

शाहने चित्रांशेजारी फारसीत लिहवून घेतलं. पाद्री सांगत आणि दरबारचा लेखनिक लिही, असं झालं असावं. समासात आता लॅटिनच्या जोडीला उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या ओळी आल्या.

इथे एक गंमत होते, आणि ती फारशी चर्चेत येत नाही. चारही चौकटींचा क्रम डावीकडून उजवीकडे आहे, कारण चित्रकार फ्रेंच. फारसी वाचणारा डोळा पानावर उजव्या कोपऱ्यातून शिरतो. त्याच्या दृष्टीने दुसरा प्रसंग आधी आणि पहिला नंतर. मोशेला टोपलीत सोडण्याआधीच तो सापडायचा. ज्याला गोष्ट माहीत आहे तो हे निस्तरून घेतो, पण ज्याला माहीत नाही त्याला मजकूर लागतोच. समासातली ओळ या वाचकाला प्रसंग तर सांगतेच, वर क्रमही लावून देते.

दुसरा पेच दाविदाचा. एकेचाळिसाव्या पानाच्या मागच्या बाजूला राजवाड्यातून दावीद न्हाणाऱ्या बथशेबेकडे पाहतोय. पुढे तिला घरात आणतो, आणि मग तिचा नवरा उरीया याला लढाईच्या तोंडी देतो. चित्रकाराने काही झाकलेलं नाही. ख्रिस्ती वाचकाला दावीद हा चुकणारा, पस्तावणारा राजा म्हणून परिचयाचा असतो. इस्लामी परंपरेत पैगंबर अशा पापापासून दूर मानले जातात आणि दाऊदच्या या कथेवर विद्वानांनी पिढ्यानपिढ्या खल केला आहे. तीच निळी-सोनेरी चौकट, पण समासाच्या एका बाजूच्या वाचकाला ती पश्चात्तापाची सुरुवात वाटते, दुसऱ्या बाजूच्या वाचकाला नको असलेली अफवा. पाद्र्यांना हे पान उघडताना घाम फुटला असणार, असं मला नेहमी वाटतं.

तीन पानं गेली कुठे

पोथीची ४६ पानं आज ठाऊक आहेत. ४३ मॉर्गनकडे, दोन पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि एक लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियममध्ये. सुटी झालेली ही तीन पानं शेवटच्या भागातली आहेत आणि त्यांवर मुख्यतः अबशालोमची गोष्ट आहे: दाविदाचा देखणा मुलगा, बापाविरुद्ध बंड करतो, पळताना झाडात अडकतो, मारला जातो आणि दावीद ऊर फुटून रडतो.

यावरून एक तर्क निघाला आहे. मुलाने बापाविरुद्ध उठण्याची ही कथा शाहला खटकली आणि ती पानं त्याच्या दरबारातच काढली गेली. तर्काला आधार द्यायला शाहचं चरित्र तयारच आहे. अब्बासने थोरला मुलगा सफी मिर्झा याला १६१५ मध्ये मारवलं आणि पुढे आणखी दोन मुलांचे डोळे काढवले. यातली एक बाजू मात्र सांगायची राहून जाते. अब्बास स्वतः १५८७ मध्ये गादीवर आला तो बापाला, मुहम्मद खुदाबंदाला, बाजूला सारून. म्हणजे त्याला ही पानं खटकली असतील तर त्यांत त्याला स्वतःचा मुलगा दिसला की स्वतः, हा प्रश्न उरतो. तर्क आकर्षक आहे, पण जरा जास्तच आकर्षक आहे. पोथीची शेवटची पानं सैल होऊन सुटतात, हे कुठल्याही ग्रंथपालाला विचारा. मी तरी या तर्काला ‘शक्य आहे’ याच्या पुढे नेणार नाही.

तिसरा मजकूर: हिब्रू लिपी

१७२२ मध्ये अफगाणांनी इस्फहान घेतलं आणि शाह अब्बासच्या सफवी घराण्याची सत्ता संपली. राजवाड्यातलं भांडार फुटलं. त्यानंतर कधीतरी ही पोथी इराणी यहुद्यांच्या हाती आली, आणि अठराव्या शतकात त्यांच्यापैकी कुणीतरी समासात पुन्हा लिहिलं. भाषा फारसी, लिपी हिब्रू. इराणी यहुदी आपलं लिखाण असंच करत.

तिन्ही मजकुरांत मला हा सर्वांत भिडतो. लॅटिन लिहिणाऱ्याला आणि फारसी लिहिणाऱ्याला या गोष्टी उसन्या आलेल्या. ज्याच्या पूर्वजांच्या त्या मूळच्या, तो सर्वांत शेवटी आला आणि त्याला उरलेल्या जागेत लिहावं लागलं. दुसऱ्या शाह अब्बासच्या काळात, १६५० च्या दशकात, इस्फहानच्या यहुद्यांवर जबरदस्तीच्या धर्मांतराची पाळी आली होती. त्या समाजातला माणूस फ्रेंच सरदारांच्या चिलखतात आपला यहोशवा, आपला दावीद ओळखतो आणि बाजूला लिहून ठेवतो. शाहच्या लेखनिकाची फारसी ओळ वाचूनच त्याने हे केलं असेल का? शक्य आहे, पण फारसी लिपीतला मजकूर समोर असताना त्याने तोच प्रसंग आपल्या अक्षरात पुन्हा लिहिला. गोष्ट समजण्यासाठी त्याची गरज नव्हती. ती आपली म्हणून ठेवण्यासाठी होती.

बाजार

पुढचा प्रवास झटपट. एकोणिसाव्या शतकात पोथी इजिप्तमध्ये निघाली. जोव्हानी दातानासी नावाच्या, इजिप्तमध्ये उत्खनन आणि पुराणवस्तूंचा व्यापार करणाऱ्या ग्रीकाने ती लंडनला नेली आणि १८३३ मध्ये सोथबीजच्या लिलावात विकली. तिथून ती सर टॉमस फिलिप्स या हस्तलिखितांचं अक्षरशः वेड असलेल्या इंग्रज संग्राहकाकडे गेली. १९१६ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, जे. पी. मॉर्गन ज्युनियरसाठी त्याची ग्रंथपाल बेल द कोस्टा ग्रीन हिने ती दहा हजार पौंडांना घेतली. ग्रीनबद्दल एवढंच सांगायला हवं की ती हार्वर्डमधून पदवी घेतलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याची मुलगी होती आणि गोऱ्यांच्या त्या जगात गोरी म्हणून वावरत होती. मॉर्गन लायब्ररीची ती पुढे पहिली संचालक झाली.

मग मूळ कुठलं म्हणायचं?

जतन करणाऱ्याच्या टेबलावर हे प्रकरण आणलं की खरा प्रश्न हा. पोथीचं मूळ रूप म्हणजे १२५० चं बिनशब्दांचं रूप, असं मानलं तर समासातला सगळा मजकूर नंतरची भर ठरतो. कुणी तो खोडणार नाही हे खरं. पण छापताना काय होतं ते पाहा. पोस्टरवर, शस्त्रप्रेमींच्या संग्रहात, शालेय पुस्तकात या चित्रांचे जे तुकडे येतात त्यांत बहुतेक वेळा चौकट राखून समास कापलेला असतो. चिलखत दिसतं, फारसी नाही. दगडफेकीच्या यंत्रासारखी समासात घुसलेली चित्रं असतील तर ती ठेवायची म्हणून थोडा समास येतो, आणि त्याच्यासोबत एखादी अर्धी तुटलेली ओळ. वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी डाग पडलाय.

माझं मत सरळ आहे. ही पोथी १२५० ची नाहीच. ती १२५० ते अठरावं शतक एवढ्या काळात लिहिली गेली. समास कापला की पुस्तक अर्धं झालं. फ्रेंच राजाने मुसलमानांशी लढायला जाताना बनवून घेतलेली पोथी मुसलमान राजाकडे गेली, हा विरोधाभास लिहिणारे पुष्कळ आहेत आणि तो खराही आहे. पण त्यात शाह हा नुसता योगायोगाने आलेला मालक होतो. समास पाहिला की तो वाचक होतो. मॉर्गन लायब्ररीने पोथीची बांधणी उसवून पानं सुटी केली, तेव्हा ती प्रदर्शनांतून एकेक करून पाहता आली. २००२-०३ मध्ये बाल्टिमोरच्या वॉल्टर्स म्युझियममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. आता सगळी पानं संगणकावरही आहेत, समासासकट, आणि तिन्ही मजकुरांची इंग्रजी भाषांतरं सोबत दिली आहेत. पाहणाऱ्याने एक करावं. आधी भाषांतर न वाचता चित्रात काय चाललंय ते स्वतः कागदावर लिहावं, चौकटीगणिक एक ओळ. मग तिघांनी काय लिहिलंय ते उघडावं.

पॅरिस आणि गेटीमधली तीन पानं ४३ पानांच्या शेजारी पुन्हा कायमची लागण्याची शक्यता नाही. तीन संस्था, तीन मालक. पडद्यावर मात्र ती तिन्ही आपापल्या जागी बसवून अबशालोमची गोष्ट सलग वाचता येते. त्या पानांच्या समासांतही लिहिलेलं आहे.